अमेरिकेत मानसशास्त्राची डॉक्टरेट करायची आहे? अर्जाआधी कोर्सची मान्यता अशी तपासा

अमेरिकेत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून स्वतंत्रपणे रुग्ण पाहायचे असतील तर नुसती डॉक्टरेट पुरत नाही, त्या राज्याचं लायसन्स लागतं. लायसन्सच्या अर्जात अगदी सुरुवातीलाच विचारतात की तुमच्या डॉक्टरेटच्या कोर्सला मान्यता होती का. पाच-सहा वर्षं आणि घरच्यांचे लाखो रुपये घातल्यावर उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ते मागाहून दुरुस्त करता येत नाही. तुम्ही कितीही हुशार असलात तरी मान्यता कोर्सची असते आणि ती तुम्ही शिकत असतानाच असावी लागते.

मुंबई, पुणे, नागपूर, पणजीहून बीए किंवा एमए मानसशास्त्र करून तिकडे जायचा विचार करणारी मुलं सहसा आधी विद्यापीठाचं नाव पाहतात, मग क्रमवारी, मग फी. मान्यतेचा विषय शेवटी येतो, तोही ‘हो, अ‍ॅक्रेडिटेड आहे’ एवढ्या एका वाक्यात. हा क्रम उलटा करायला हवा. त्यासाठी काय पाहायचं आणि कुठे पाहायचं, ते एकेक करून घेऊ.

पहिली पायरी: मान्यता नेमकी कशाला आहे ते ओळखा

आपल्याकडे नॅकचा दर्जा कॉलेजला मिळतो, पण त्याच कॉलेजच्या नर्सिंगच्या कोर्सला नर्सिंग कौन्सिलची मान्यता वेगळी लागते. अमेरिकेतही असंच आहे. संपूर्ण विद्यापीठाची मान्यता एक, आणि व्यावसायिक कोर्सची दुसरी. माहितीपत्रकात ‘पूर्णतः मान्यताप्राप्त विद्यापीठ’ असं ठळक छापलेलं असतं ते पहिल्या प्रकाराबद्दल. ते खरंच असतं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

मानसशास्त्राच्या व्यावसायिक कोर्सना मान्यता देण्याचं काम अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं, म्हणजे एपीएचं, ‘कमिशन ऑन अ‍ॅक्रेडिटेशन’ करतं. या आयोगावर ३२ सदस्य असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसिक आघात घेऊन परतलेल्या सैनिकांची संख्या प्रचंड होती. त्यांच्यासाठी माणसं तयार करणाऱ्या विभागांपैकी भरवशाचे कोणते, हे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याला कळायला हवं होतं. त्या गरजेतून १९४८ पासून कोर्सना मान्यता देणं सुरू झालं. १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ शास्त्रज्ञ आणि उपचारक असा दोन्ही असावा. १९७३ च्या व्हेल परिषदेने उपचारावर भर देणाऱ्या पदवीला, म्हणजे सायडीला, मोकळी वाट दिली. पीएचडी आणि सायडी या दोन्हींना एकाच निकषांवर मान्यता मिळते. सध्याचे निकष १ जानेवारी २०१७ पासून लागू आहेत.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. हा आयोग फक्त आरोग्यसेवेशी जोडलेल्या शाखा तपासतो: क्लिनिकल, कौन्सेलिंग, स्कूल आणि यांची जोड देणारे कोर्स. सामाजिक मानसशास्त्र, संज्ञानात्मक मानसशास्त्र, औद्योगिक मानसशास्त्र यांच्या पीएचडीला ही मान्यता नसते, कारण ती तिथे लागूच होत नाही. त्यामुळे नामांकित विद्यापीठाच्या सामाजिक मानसशास्त्राच्या पीएचडीत काहीही कमी नाही. मात्र ती करून पुढे थेरपिस्ट होता येईल, असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा.

आयोग अमेरिकेबाहेर मान्यता देत नाही. कॅनडातल्या कोर्सना पूर्वी मिळायची, तीही १ सप्टेंबर २०१५ पासून बंद झाली. म्हणून भारतातल्या एखाद्या संस्थेच्या जाहिरातीत ‘एपीए मान्यताप्राप्त डिप्लोमा’ दिसला, तर तो या अर्थाने मान्यताप्राप्त असूच शकत नाही. फार तर एपीएने मंजूर केलेल्या एखाद्या संस्थेचं निरंतर शिक्षणाचं प्रशिक्षण असेल. ते आधीच लायसन्स असलेल्यांसाठी असतं, पदवीशी त्याचा संबंध नाही. एपीएचं सदस्यत्व घेणं हीसुद्धा पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या डॉक्टरेटला हा आयोग मान्यता देत नाही. रुग्णासमोर बसून शिकायचं कौशल्य पडद्यावरून पूर्णपणे तपासता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

दुसरी पायरी: मान्यतेचा शब्द अक्षर न अक्षर वाचा

आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्सची शोधयादी आहे. विद्यापीठाच्या पानावर विसंबू नका, या यादीत कोर्सचं नाव स्वतः शोधा. तिथे कोर्सची स्थिती, पहिली मान्यता कधी मिळाली ती तारीख आणि पुढची पाहणी कोणत्या वर्षी होणार, हे मिळतं. पदवीचा प्रकारही पाहा. एकाच विद्यापीठात सायडी मान्यताप्राप्त आणि पीएचडी नाही, किंवा एका शहरातल्या शाखेला मान्यता आणि दुसऱ्या शहरातल्या शाखेला नाही, असं असू शकतं.

‘मान्यताप्राप्त’ एवढाच शब्द असेल तर प्रश्न नाही. ही मान्यता एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळते, आणि मधल्या काळात कोर्सला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो.

‘मान्यताप्राप्त, सशर्त’ ही नव्या कोर्सची स्थिती. कोर्सची रचना निकषांत बसते, पण तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं हे दाखवायला अजून पुरेसे पदवीधर नाहीत. ती माहिती जमवून पूर्ण मान्यता मिळवायला डॉक्टरेटच्या कोर्सला तीन वर्षं मिळतात. या काळात पदवी घेणारा मान्यताप्राप्त कोर्सचाच पदवीधर धरला जातो. जोखीम आहे ती आत्ता प्रवेश घेऊन सहा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला, कारण तीन वर्षांची मुदत त्याच्या शिक्षणाच्या मधेच संपते.

‘अर्ज करण्याचा मानस’ ही मान्यता नव्हे. कोर्स तयारीत आहे, एवढंच ते सांगतं. प्रवेश विभागातली व्यक्ती फोनवर ‘वुई आर इन द प्रोसेस’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं, किंवा याच्याही आधीची अवस्था. त्यावर भरवसा ठेवून फी भरू नका.

‘मान्यताप्राप्त, प्रोबेशनवर’ हा शब्द वाचून लोक दचकतात. तेव्हाही मान्यता शाबूत असते आणि त्या काळात पदवी मिळाली तर ती मान्यताप्राप्तच. पण आयोगाला गंभीर त्रुटी दिसल्या आहेत आणि त्या दूर झाल्या नाहीत तर मान्यता जाऊ शकते. शेवटच्या वर्षात असलेल्यासाठी ही काळजीची बाब आहे, नव्याने प्रवेश घेणाऱ्यासाठी दुसरा कोर्स शोधायची. ‘मान्यताप्राप्त, निष्क्रिय’ म्हणजे कोर्स नवे विद्यार्थी घेत नाही, बहुधा तो बंद होण्याच्या वाटेवर आहे.

याशिवाय पीसीएसएएस नावाची दुसरी मान्यता यंत्रणा आहे. ती फक्त संशोधनावर जोर देणाऱ्या क्लिनिकल पीएचडींना मान्यता देते. तिथले कोर्स उत्तम असतात, पण सगळ्या राज्यांचे लायसन्सचे कायदे तिला एपीएच्या बरोबरीने धरत नाहीत. कोर्सला फक्त पीसीएसएएसची मान्यता असेल, तर ज्या राज्यात राहायचं आहे तिथला कायदा आधी वाचा.

तिसरी पायरी: आकड्यांचं पान उघडा

मान्यताप्राप्त डॉक्टरेटच्या कोर्सला आपल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी जाहीर करावीच लागते. मुख्य पानावरून एका क्लिकवर ती सापडली पाहिजे आणि दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत ती ताजी झाली पाहिजे. पानाचं नाव सगळीकडे एकच असतं: ‘स्टुडंट अ‍ॅडमिशन्स, आउटकम्स अँड अदर डेटा’. विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा हे एक पान कितीतरी जास्त सांगून जातं, असं आमचं ठाम मत आहे. ते वाचायचं कसं, हे एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, ‘क’ या सायडीच्या कोर्सला दरवर्षी ४५ विद्यार्थी येतात. पहिला तक्ता पदवीला लागलेल्या वर्षांचा. सरासरी ६.१ वर्षं आणि मध्यक ६ वर्षं. शेजारच्या रकान्यात सात वर्षांहून जास्त लागलेले १४ टक्के. म्हणजे माहितीपत्रकात ‘पाच वर्षांचा कोर्स’ लिहिलेलं असलं तरी घरचा हिशेब सहा वर्षांचा करा.

दुसरा तक्ता खर्चाचा: पहिल्या वर्षाची शिकवणी फी, इतर शुल्क आणि फीमाफी किती. संशोधनप्रधान विद्यापीठांच्या अनेक पीएचडीत फी माफ असते आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्याबद्दल स्टायपेंड मिळतो. सायडीच्या बऱ्याच कोर्समध्ये फी स्वतः भरावी लागते. तक्त्यात फक्त पहिल्या वर्षाचा आकडा असतो, त्यामुळे पुढच्या वर्षांत फी किती वाढते ते वेगळं विचारा.

तिसरा तक्ता इंटर्नशिपचा, म्हणजे डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षीच्या प्रत्यक्ष कामाचा. तिची मान्यता कोर्सच्या मान्यतेहून वेगळी असते. इथे डोळ्यांत तेल घालून वाचायचं. समजा, ‘क’ कोर्समध्ये एका वर्षी ४० जणांनी इंटर्नशिपसाठी प्रयत्न केला. ३१ जणांना मिळाली. त्यातल्या २२ जणांची इंटर्नशिप मान्यताप्राप्त होती. माहितीपत्रक लिहिणारा ३१ पैकी २२ असा हिशेब करतो आणि ‘७१ टक्के विद्यार्थी मान्यताप्राप्त इंटर्नशिपमध्ये’ असं छापतो. पण सक्तीच्या तक्त्यात भागाकार प्रयत्न केलेल्या सगळ्यांनी करायचा असतो, मधेच अर्ज मागे घेणारेही त्यात धरून. ४० पैकी २२ म्हणजे ५५ टक्के. जवळपास निम्म्यांच्या हाती मान्यताप्राप्त इंटर्नशिप आलीच नाही. आकडे तेच असताना भागाकार बदलला की चित्र पालटतं, म्हणून टक्क्यांच्या आधी मूळ आकडे पाहायची सवय लावून घ्या.

चौथा तक्ता गळतीचा. एका वर्षीच्या ४५ पैकी ९ जण सोडून गेले, म्हणजे २० टक्के. आता याच्याशेजारी ‘ख’ ही लहान पीएचडी ठेवा. तिथे वर्षाला सात जणच येतात. एक जण गेला तरी गळती १४ टक्के दिसते. लहान कोर्सचं एकच वर्ष पाहून निष्कर्ष काढू नका, पाच-सात वर्षं ओळीने पाहा. दरवर्षी कुणी ना कुणी जातंय की एखाद्याच वर्षी गेलं, हे महत्त्वाचं.

शेवटचा आकडा लायसन्सचा. २ ते १० वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांपैकी किती जणांना लायसन्स मिळालं, हे त्यात असतं. ‘क’मध्ये २४० पैकी १५६ जणांना, म्हणजे ६५ टक्क्यांना. उपचारक घडवणं हाच हेतू सांगणाऱ्या कोर्ससाठी हा आकडा वाईट आहे, कारण दर तीन पदवीधरांत एक जण जे करायला आला तेच करू शकत नाही. संशोधनप्रधान पीएचडीत मात्र हाच आकडा वेगळा वाचायचा. तिथले पदवीधर प्राध्यापक होतात, प्रयोगशाळेत जातात, मायदेशी परततात. त्यातल्या अनेकांना लायसन्स लागतच नाही. कारण काय, हे कोर्सच्या ‘डायरेक्टर ऑफ ट्रेनिंग’ला थेट विचारा. चांगला संचालक नेमकं उत्तर देतो.

चौथी पायरी: शिकवतात काय, ते निकषांशी ताडून पाहा

मान्यताप्राप्त कोर्समध्ये इंटर्नशिप सोडून किमान तीन पूर्ण शैक्षणिक वर्षांचं शिक्षण हवं. त्यातली किमान दोन त्याच कोर्समध्ये आणि किमान एक पूर्णवेळ तिथे राहून. ‘तुमचं एमए झालंय, तुम्हाला दोन वर्षांत पदवी देतो’ हे इथे चालत नाही.

शिक्षणाचे दोन भाग असतात. एक व्यवसायाच्या नऊ क्षमता: संशोधन, नीती आणि कायदा, वैयक्तिक व सांस्कृतिक विविधता, व्यावसायिक वृत्ती, संवाद, मूल्यमापन, उपचार, सुपरव्हिजन आणि इतर व्यावसायिकांबरोबर सल्लामसलत. प्रत्येक क्षमतेत विद्यार्थी किमान पातळीला पोचला याचा लेखी पुरावा कोर्सला ठेवावा लागतो.

दुसरा भाग विषयज्ञानाचा: मानसशास्त्राचा इतिहास व विचारप्रणाली, त्याशिवाय भावना, जैविक आधार, बोधन, विकास आणि सामाजिक वर्तन हे पाच पायाभूत विषय, यातल्या किमान दोन विषयांना जोडणारं प्रगत ज्ञान, शिवाय संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि मानसमापन. यातला इतिहास आणि पाच पायाभूत विषय तुम्ही आधीच्या पदवीत शिकला असाल तर ते धरले जाऊ शकतात, पण कोर्सला ते ज्ञान पुराव्यानिशी तपासावं लागतं. प्रगत भाग आणि संशोधनाचा भाग मात्र पदव्युत्तर पातळीवरच व्हावा लागतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी यात एक कामाची गोष्ट दडलेली आहे. मुंबई विद्यापीठ किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ‘पेपर ३’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यात काय शिकवलं हे तिकडच्या प्राध्यापकाला कसं कळणार? निघण्याआधी तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम, घटक आणि संदर्भग्रंथांसह, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याने घेऊन ठेवा. ट्रान्सस्क्रिप्टच्या चार-पाच सीलबंद प्रती काढा. अभ्यासक्रम बदलला की जुना मिळवणं जिकिरीचं होतं, आणि तिकडे गेल्यावर इथे खेटे कोण घालणार, हा प्रश्न उरतोच.

प्रॅक्टिकम म्हणजे इंटर्नशिपआधीचं प्रत्यक्ष काम: दवाखाना, शाळा, समुपदेशन केंद्र. प्रत्येक मूल्यमापनात सुपरव्हायझरने काही काम स्वतः पाहिलेलं असणं बंधनकारक आहे, समोर बसून किंवा रेकॉर्डिंगवरून. विद्यार्थ्याने सांगितलेल्या हकिकतीवर गुण देऊन भागत नाही. कोर्समध्ये सध्या शिकणाऱ्या एखाद्याला विचारा: ‘गेल्या सहा महिन्यांत तुझं सत्र सुपरव्हायझरने किती वेळा पाहिलं?’ उत्तरावरून तिथल्या प्रशिक्षणाचा दर्जा कळतो. प्रॅक्टिकमची जागा कोर्स शोधून देतो की विद्यार्थ्याने स्वतः हिंडून मिळवायची, हेही विचारून घ्या. मोठ्या शहरात शेकडो विद्यार्थी त्याच जागांमागे असतात.

पाचवी पायरी: इंटर्नशिप आणि व्हिसाचा गुंता आधीच सोडवा

इंटर्नशिप म्हणजे डॉक्टरेटचं शेवटचं वर्ष. ती सहसा दुसऱ्याच संस्थेत आणि अनेकदा दुसऱ्याच राज्यात होते. तिची मान्यताही वेगळी असते, आणि तीही स्वतंत्रपणे तपासावी लागते. मान्यताप्राप्त इंटर्नशिप पूर्णवेळ एक वर्षाची किंवा अर्धवेळ दोन वर्षांची असते. आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन मिळालं पाहिजे, त्यातले किमान दोन तास समोरासमोर, एकेकट्याने, डॉक्टरेट आणि लायसन्स असलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबर. संस्थेत किमान दोन इंटर्न हवेत, म्हणजे कुणी एकटा पडत नाही. जागा देशपातळीवरच्या जुळणीतून मिळतात. अर्ज शरद ऋतूत जातात, मग मुलाखती होतात, दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि पहिल्या फेरीचा निकाल फेब्रुवारीत लागतो.

परदेशी विद्यार्थ्यांच्या दोन अडचणी माहितीपत्रकात सापडत नाहीत.

पहिली नागरिकत्वाची. ज्या माजी सैनिकांच्या खात्यामुळे ही सगळी मान्यता व्यवस्था उभी राहिली, त्याच खात्याची रुग्णालयं आज मानसशास्त्राच्या इंटर्नशिपच्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक आहेत. तिथे इंटर्न होण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला यादीतल्या बऱ्याच चांगल्या जागा मुळातच बंद आहेत. कोर्स निवडताना विचारा की गेल्या पाच वर्षांत परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कुठे मिळाली. संस्थांची नावं सांगता येत नसतील तर तोच इशारा समजा.

दुसरी अडचण दिवसांची. एफ-१ वर असताना कॅम्पसबाहेरच्या प्रशिक्षणासाठी सीपीटी ही परवानगी घ्यावी लागते. प्रॅक्टिकमलाही ती लागते, पण आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ धरली जाते आणि तिचा पुढे त्रास होत नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, की पदवीनंतर काम करण्याची ओपीटीची परवानगी हातची जाते. इंटर्नशिप तर नेमकी १२ महिन्यांची! पदवीनंतर लायसन्ससाठी लागणारे सुपरव्हिजनखालचे तास ओपीटीवरच भरायचे असतात. त्यामुळे एका दिवसाच्या फरकाने पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडू शकतं. साधारणपणे सीपीटी ३६४ दिवसांच्या आत थांबवतात आणि इंटर्नशिपचे उरलेले दिवस ओपीटीखाली भरून काढतात. मात्र इंटर्नशिप लवकर सोडायची नसते, ती पूर्ण व्हावीच लागते. हे गणित विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात बसून, लेखी, आणि जुळणीच्या अर्जाआधी एक वर्ष करून घ्या.

लायसन्ससाठीच्या तासांचा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात एकूण ३,००० तास लागतात, त्यातले किमान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. शिवाय ईपीपीपी ही लायसन्सची परीक्षा: २२५ प्रश्न, त्यातले १७५ गुणांसाठी धरले जातात, आणि बहुतेक राज्यांत उत्तीर्ण होण्यासाठी ५०० हा मानांकित गुण, म्हणजे बरोबर उत्तरांचा आकडा ठरावीक मोजपट्टीवर बसवून काढलेला गुण.

आयोग मान्यता देतो कशी

हे कळलं की माहितीपत्रकातली भाषा उलगडते. कोर्स आधी स्वतःचा सविस्तर आत्मपरीक्षण अहवाल सादर करतो. तो प्राथमिक छाननीतून गेला की दोन-तीन तज्ज्ञांचं पथक साधारण दोन दिवस पाहणीला येतं. ते प्राध्यापकांना, प्रशासनाला आणि विद्यार्थ्यांना वेगवेगळं भेटतं. पथकाचा अहवाल कोर्सला मिळतो आणि उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यानंतर आयोगाच्या बैठकीत निर्णय होतो. पथक निर्णय घेत नाही, ते फक्त पाहून लिहितं.

यादीत पुढची पाहणी तुमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात येणार असेल तर घाबरायचं कारण नाही, पण प्रश्न विचारायला हरकत नाही. मागच्या वेळी आयोगाने कोणत्या बाबींवर खुलासा मागितला होता? ते प्राध्यापक अजून आहेत का? अडचण अनेकदा इथेच उभी राहते: दोन वरिष्ठ प्राध्यापक एकाच वर्षी जातात, त्यांच्या जागा भरत नाहीत, प्रवेश मात्र तेवढेच चालू राहतात, आणि सुपरव्हिजन पातळ होत जातं.

फक्त मास्टर्स करायचं असेल तर

अनेक जण डॉक्टरेटऐवजी समुपदेशनातलं मास्टर्स निवडतात. तिथे पाहायची मान्यता सीएसीआरईपीची, म्हणजे समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची. तिच्या कोर्सला किमान ६० सेमिस्टर क्रेडिट असतात. १०० तासांचा प्रॅक्टिकम, त्यातले ४० प्रत्यक्ष अशिलांबरोबर. नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० प्रत्यक्ष कामाचे. ३६ क्रेडिटचं, दीड वर्षात संपणारं ‘एमए सायकॉलॉजी’ स्वस्त वाटतं, पण त्यावर समुपदेशकाचं लायसन्स सहसा मिळत नाही. एपीएनेही २०२१ मध्ये मास्टर्सच्या कोर्ससाठी निकष मंजूर केले आहेत, त्यामुळे यादीत आता तेही दिसू लागतील.

परत यायचं असेल तर

अमेरिकेतली मान्यता भारतात आपोआप लागू होत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, करते. तिचा कायदा १९९२ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआयच्या मान्यतेशी बांधलेली आहे. परदेशी पदवी परिषद स्वतंत्रपणे तपासते, आणि तेव्हा पदवीपत्राइतकंच सुपरव्हिजनखाली केलेल्या क्लिनिकल कामाच्या कागदांना महत्त्व असतं. कौन्सेलिंग किंवा स्कूल सायकॉलॉजीची डॉक्टरेट क्लिनिकल म्हणून धरली जाईल असं गृहीत धरू नका. परतायचा विचार पक्का असेल तर शाखा निवडतानाच हे डोक्यात ठेवा.

कागद: पहिल्या दिवसापासून

एक फोल्डर करा, त्याची एक प्रत ऑनलाइन क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हवर. प्रवेश घेतला त्या दिवशीचं आयोगाच्या यादीतलं पान आणि आकडेवारीचं पान पीडीएफ करून त्यात टाका. तुमच्या प्रवेशवर्षाचं विद्यार्थी हँडबुक ठेवा, कारण पदवीच्या अटी सहसा त्याच वर्षाच्या हँडबुकप्रमाणे लागू होतात आणि संकेतस्थळावर दरवर्षी नवी आवृत्ती जुनीला पुसून टाकते. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम. प्रत्येक प्रॅक्टिकमचं सही झालेलं मूल्यमापन. तासांची नोंद दर आठवड्याला, रुग्णाचं नाव न लिहिता: प्रत्यक्ष किती, सुपरव्हिजन किती, अहवाललेखन किती.

आणि सुपरव्हायझरचं पूर्ण नाव, त्याचं राज्य, लायसन्स क्रमांक आणि ते कधीपर्यंत वैध होतं ही तारीख. मूल्यमापनावर सही घेतानाच हे लिहून घ्या. सहा वर्षांनी लायसन्सचा अर्ज भराल तेव्हा राज्याचं लायसन्स मंडळ याच माणसाकडून तासांची खातरजमा मागेल. तोवर तो निवृत्त झालेला असेल किंवा नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला असेल, आणि संस्थेचा ई-मेल पत्ता बंद पडलेला असेल. खासगी ई-मेल मागून ठेवा.